कर्करोगाचा उपचार जिल्ह्यात पोहोचताना

परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोगाच्या रुग्णांवर उपचार करीत आहे आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून लोक अजूनही तिथेच येतात. निदान आणि शस्त्रक्रियेसाठी एकदा केलेला प्रवास समजण्यासारखा आहे. पण रेडिएशन बहुधा आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे चालते. निरोगी पेशींना सावरायला अवधी मिळावा म्हणून किरणांची मात्रा अशी विभागून द्यावी लागते, आणि मध्ये खंड पडला तर उरलेल्या कर्कपेशींना पुन्हा वाढायला वाव मिळतो. हातावर पोट असलेल्या माणसाने एवढे दिवस मुंबईत राहायचे कुठे आणि कशाच्या बळावर?

म्हणून पुढच्या काळात रुग्णाने तज्ज्ञांकडे जाण्याऐवजी तज्ज्ञांचा सल्लाच रुग्णापर्यंत पोहोचावा, असे मला ठामपणे वाटते. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिड या कर्करोग केंद्रांच्या देशव्यापी जाळ्यात आज ३०० हून अधिक संस्था आहेत. अवघड रुग्णांविषयी त्यांचे डॉक्टर दूरदृश्य बैठकीत एकत्र विचार करतात आणि उपचार रुग्णाच्या जवळच्या केंद्रात होऊ शकतात.

गावपातळीवरच्या कामाने काय साधते, हे आपल्याच मराठवाड्यात दिसले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १,३१,००० स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले: या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू, तपासणी मोहिमेबाहेरच्या गटाच्या तुलनेत, जवळजवळ निम्मे होते.

औषधांची किंमत हा दुसरा अडसर. निवोलुमॅब हे प्रतिकारशक्तीला कर्कपेशींवर सोडणारे महागडे औषध. टाटाच्या डॉक्टरांनी डोके व मानेच्या बळावलेल्या कर्करोगात नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम, इतर गोळ्यांच्या जोडीने दिले. वर्षअखेर हयात असलेल्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे केअर कॅन्सर केंद्रे, म्हणजे दिवसा उपचार घेऊन त्याच दिवशी घरी जाता येईल अशी केंद्रे, उभारण्याचे जाहीर केले आहे. तिथे खाटा आणि औषधे तर लागतीलच, पण केमोनंतर पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाला रात्री ताप भरला, तर तातडीने शिरेतून प्रतिजैविक सुरू करणारी प्रशिक्षित परिचारिका आणि डॉक्टरही त्याच जिल्ह्यात जागे असायला हवेत.