थप्पीतला तळाचा डबा

‘तयार माल वायव्येला ठेवा, लवकर उठेल. जड माल नैऋत्येला.’ गोदामांसाठी वास्तुसल्ला देणाऱ्या कुणाची तरी ही जाहिरात मध्यंतरी फिरत फिरत माझ्या फोनवर आली. वायव्येचा मालक वायू, वायू चंचल, म्हणून तिथला मालही चंचल, एवढाच यामागचा तर्क. त्यावर वाद घालण्यात हशील नाही. पण सल्लागाराने प्रश्न मात्र नेमका धरलाय. कुठला माल कुठे ठेवायचा, हा गोदामाच्या धंद्यातला फार जुना आणि अजून पुरता न सुटलेला प्रश्न आहे. फक्त त्याचं उत्तर दिशेत नाही.

साधं उत्तर सगळ्यांना माहीत असतं: जास्त खपणारा माल दाराजवळ, कमी खपणारा मागे. हे बरोबरच आहे, कारण गोदामात माणसाचा वेळ वस्तू उचलण्यात जात नाही, चालण्यात जातो. ऑर्डरप्रमाणे माल गोळा करणारा कामगार साधारण निम्मा वेळ फक्त या रॅककडून त्या रॅककडे जात असतो. म्हणून गेल्या वीस वर्षांत यांत्रिकीकरणाचा बराचसा जोर एकाच गोष्टीवर राहिला, माणसाने मालाकडे जाण्याऐवजी मालानेच माणसाकडे यावं. अमेरिकेतल्या किवा सिस्टिम्सने २००३ पासून यावर काम केलं. त्यांचे बसके, नारिंगी यंत्रमानव कप्प्यांच्या अख्ख्या मांडणीखाली शिरायचे, ती उचलायचे आणि माणसापुढे आणून उभी करायचे. २०१२ साली ॲमेझॉनने ही कंपनी ७७.५ कोटी डॉलरना विकत घेतली.

किवाबद्दल पुष्कळ लिहून झालंय. मला भुरळ घातलीय ती त्याआधीच्या, १९९६ सालच्या, नॉर्वेतल्या एका कल्पनेने.

नेद्रे वात्स या छोट्याशा गावात हात्तेलांड नावाची, इलेक्ट्रॉनिक सुटे भाग विकणारी कंपनी होती. माल वाढत होता आणि गोदाम पुरेना. कंपनीचे तांत्रिक प्रमुख इंगवार हॉग्नालांड यांच्या लक्षात आलं की गोदामात सगळ्यात जास्त जागा माल अडवत नाहीच. अडवते ती हवा. रॅकमधल्या बोळांतली हवा, अर्ध्या भरलेल्या कप्प्यांवरची हवा, छताखालची हवा. त्यांनी बोळ काढून टाकले, रॅकही काढून टाकले आणि सगळा माल एकसारख्या प्लास्टिकच्या डब्यांत भरून डब्यावर डबा रचला. थप्पीला थप्पी चिकटलेली, मध्ये माणूस शिरेल एवढीसुद्धा फट नाही. यातूनच पुढे ऑटोस्टोअर ही प्रणाली उभी राहिली.

आता अशा ठोकळ्यातून वस्तू काढायची कशी? वरून. थप्प्या ॲल्युमिनियमच्या उभ्या खांबांच्या चौकटीत बसवलेल्या असतात आणि चौकटीच्या माथ्यावर रुळांची जाळी असते, बुद्धिबळाच्या पटासारखी चौकोनी. तिच्यावर यंत्रमानव धावतात. प्रत्येकाला चाकांचे दोन संच असतात, एक पूर्व-पश्चिम धावायला, दुसरा दक्षिण-उत्तर. वळण घ्यायचं झालं तर गाडी वळत नाही. एक संच वर उचलला जातो, दुसरा रुळाला टेकतो आणि ती काटकोनात निघते. हव्या त्या चौकोनावर पोचली की पोटातून चार पट्ट्यांवर टांगलेली एक चौकट खाली सोडते, तिचे आकडे डब्याच्या कडेला बसतात आणि डबा वर ओढला जातो. मग तो एका विहिरीसारख्या मोकळ्या खणातून खाली, कामगार उभा असतो त्या खिडकीशी. कामगार त्यातून हवे तेवढे नग काढतो आणि डबा परत वर जातो.

इथवर वाचून चाणाक्ष माणूस विचारेल, ‘आणि हवा तो डबा तळाशी असेल तर?’

तर पंचाईत. समजा थप्पीत सोळा डबे आहेत आणि पाहिजे तो सोळावा. आधी वरचे पंधरा एकेक करून उचलायचे आणि आजूबाजूच्या थप्प्यांवर तात्पुरते ठेवायचे. मग सोळावा काढायचा. मग ते पंधरा होते त्याच क्रमाने परत खड्ड्यात घालायचे. एका डब्यासाठी एकतीस उचल! गोदामातलं कोणतंही पाठ्यपुस्तकी शहाणपण हे ऐकून कपाळाला हात लावेल. ज्या मांडणीत कुठलीही वस्तू थेट हाती लागत नाही, ती वेगवान कशी असू शकेल?

गंमत परतीच्या डब्यात आहे. कामगाराकडून परत आलेला डबा पुन्हा तळाशी नेऊन घालत नाहीत. तो थप्पीच्या माथ्यावर जातो. नियम एवढाच: जो नुकता लागला तो वर. कपाटात इस्त्रीचे शर्ट असेच राहतात की! धुऊन आलेला वर ठेवायचा, घालताना वरचा काढायचा. महिनाभरात आवडते चार-पाच शर्ट आपोआप वर येतात आणि लग्नात आहेर म्हणून मिळालेला जांभळा तळ गाठतो. कुणी यादी केली नाही, कुणी क्रम ठरवला नाही. गोदामातही तेच होतं. रोज खपणारा माल वर तरंगत राहतो, न खपणारा गाळासारखा खाली बसतो.

हे नुसतं बरं वाटतं म्हणून खरं मानू नका, गणित करून पाहू. दोनच डबे घ्या. ‘अ’ची मागणी दहात नऊ वेळा येते, ‘ब’ची एकदा. मागणी माहीत असती तर आपण ‘अ’ कायमचा वर ठेवला असता. तेव्हा सरासरी खोली (म्हणजे हवा तो डबा वरून कितवा सापडतो) ०.९ × १ + ०.१ × २ = १.१ डबे. मागणी अजिबात माहीत नाही, नुसता ‘लागला तो वर’ हा नियम पाळला, तर शेवटी जो लागला तो वर असणार, म्हणजे ‘अ’ वर असण्याची शक्यता ०.९. ‘अ’ वर असताना सरासरी १.१ आणि ‘ब’ वर असताना १.९. एकूण ०.९ × १.१ + ०.१ × १.९ = १.१८. डोळे मिटून रचले तर १.५. म्हणजे काहीही न जाणता आपण जाणत्याच्या अगदी जवळ पोचलो.

सोळा डब्यांसाठी मी हेच मांडून पाहिलं. मागणी अशी धरली की दुसऱ्या क्रमांकाच्या मालाला पहिल्याच्या निम्मी, तिसऱ्याला एक तृतीयांश, असं उतरत सोळाव्याला एक सोळांश. प्रत्यक्ष बाजारात मागणी पुष्कळदा अशीच उतरते. कसेही रचलेले डबे असतील तर सरासरी खोली ८.५. सगळी मागणी आधीच ठाऊक असलेल्या माणसाची उत्तम मांडणी ४.७. आणि आपला शर्टांचा नियम? ६.१. कसलीही आकडेवारी न ठेवता! शिवाय ती ‘उत्तम’ मांडणी फक्त मागणी स्थिर असेपर्यंत उत्तम. राखीपौर्णिमा झाली की राख्यांचे डबे वर ठेवण्यात अर्थ नाही, पणत्या वर यायला हव्यात. शर्टांच्या नियमाला पंचांग लागत नाही. चार गिऱ्हाइकांनी पणत्या मागवल्या की पणत्या वर.

१९८५ साली डॅनियल स्लेटर आणि रॉबर्ट टार्जन या संगणकशास्त्रज्ञांनी याहून जबरदस्त गोष्ट सिद्ध केली. त्यांच्यासमोर गोदाम नव्हतं, संगणकातली यादी होती, पण थप्पी म्हणजे उभी यादीच. त्यांनी दाखवलं की हा नियम पाळणाऱ्याचे श्रम, पुढे येणारी प्रत्येक मागणी आधीच ठाऊक असलेल्या त्रिकालज्ञाच्या श्रमांच्या दुपटीपलीकडे कधीच जात नाहीत. मागणी कशीही येवो, मुद्दाम छळायला रचलेली का असेना.

सिद्धता इतकी देखणी आहे की टाळवत नाही. (नको असेल तर पुढचा परिच्छेद खुशाल ओलांडा.)

आपली एक थप्पी, शेजारी त्रिकालज्ञाची. दोन्हींत डबे तेच, सुरुवातीचा क्रमही तोच; पुढे तो वेगळा होत जातो. आपल्याकडे ‘क’ ‘ख’च्या वर आणि त्याच्याकडे ‘ख’ ‘क’च्या वर, अशा प्रत्येक जोडीला ‘उलटी जोडी’ म्हणू. उलट्या जोड्या म्हणजे आपल्या डोक्यावरचं कर्ज. आता एक डबा मागितला गेला. आपल्याकडे तो वरून बारावा, त्याच्याकडे तिसरा. आपल्याकडे त्याच्यावर अकरा डबे आहेत, त्याच्याकडे दोनच. म्हणजे आपल्या अकरांपैकी निदान नऊ डबे त्याच्याकडे या डब्याच्या खाली आहेत, म्हणजेच निदान नऊ उलट्या जोड्या. आपण डबा वर आणला की त्या नऊही सुलट्या होतात; नव्या उलट्या होतील त्या फार तर दोन. श्रम पडले बारा, कर्ज उतरलं निदान सात. खरा खर्च फार तर पाच. त्रिकालज्ञाला तीन पडले होते. त्याची दुप्पट सहा, आपण पाचात. बाराच्या जागी आणि तीनच्या जागी कोणतेही आकडे घाला, हिशेब असाच सुटतो. मधेच त्याने आपली थप्पी फिरवली तर? दोन शेजारचे डबे अदलाबदल करायला त्याला एक श्रम पडतो आणि आपलं कर्ज फार तर एकने वाढतं, त्यामुळे दुपटीची मर्यादा टिकते.

खऱ्या गोदामात हजारो थप्प्या असतात आणि डबा आपल्याच थप्पीवर परत जातो असं नाही, जवळ जागा असेल तिथे जातो. त्यामुळे प्रमेय जसंच्या तसं लागू पडत नाही. कल मात्र तोच राहतो. शिवाय उद्याच्या ऑर्डर आज रात्री हाती असतील तर यंत्रमानव रिकाम्या वेळात खणून ठेवतात आणि सकाळी लागणारे डबे वर आणून तयार असतात.

म्हणूनच अशा गोदामांचे व्हिडिओ ‘एआयची कमाल’ म्हणून फिरतात तेव्हा हसू येतं. संगणकाला डोकं खरोखर लागतं ते इतर ठिकाणी. शेकडो गाड्या एकाच जाळीवर एकमेकींना न धडकता धावल्या पाहिजेत, ते सोपं नाही. डब्यात हात घालून कांद्याची जाळी, शाम्पूची पिशवी आणि काचेची बाटली यांतली नेमकी एक उचलणं तर इतकं अवघड की बऱ्याच ठिकाणी त्या खिडकीशी अजून माणूसच उभा असतो. त्याचं चालणं वाचलं हे खरं, पण डबे कुठल्या वेगाने समोर यावेत हे आता तो ठरवत नाही. विक्रीपत्रकात याचा उल्लेख नसतो.

चुकतं तेव्हाही मोठं चुकतं. ब्रिटनमधल्या ओकाडो या किराणा कंपनीची अशाच धर्तीची गोदामं आहेत. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिच्या अँडोव्हरच्या गोदामात जाळीवरच्या बॅटरी चार्ज करण्याच्या जागी बिघाड होऊन आग लागली आणि अख्खं गोदाम गेलं. जुलै २०२१ मध्ये आग्नेय लंडनमधल्या एरिथला तीन यंत्रमानव एकमेकांवर आदळून पुन्हा आग लागली. बोळ नसले की जागा वाचते, आणि आग विझवणाऱ्यालाही आत शिरायला जागा उरत नाही.

आपल्या भिवंडीत हे कधी दिसेल? मानकोली, राहनाळ, काल्हेर, वडपे या पट्ट्यात गोदामांचं जंगल उभं राहिलं त्याला यंत्रांचा काही संबंध नव्हता. मुंबईचा जकात नाका ओलांडायच्या आधी माल उतरवून ठेवायचा, हे त्यामागचं एक मोठं कारण. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली आणि राज्याराज्यांतली छोटी गोदामं मोडून मोठी बांधण्यात फायदा दिसू लागला. पण इथला पुष्कळ माल पेट्या, गोण्या, तागे असा येतो. साठ-पासष्ट सेंटिमीटर लांबीच्या, तीस किलो पेलणाऱ्या डब्यात तो मावत नाही. अशा थप्पीला अजून हमालच लागतो. सुटे भाग, औषधं, सौंदर्यप्रसाधनं, चष्मे, म्हणजे लहान नग आणि हजारो प्रकार, तिथे मात्र डब्यांचं गणित जमतं. जिथे माल साठत नाही, नुसता पिनकोडनुसार वेगळा होऊन पुढे जातो, तिथे वेगळीच यंत्रं लागतात. पुण्याची अनबॉक्स रोबोटिक्स तशी बनवते.

आणि शर्टांचा नियम पाळायला यंत्रमानव लागतच नाही. गॅरेजच्या सुट्या भागांच्या खोलीत किंवा औषधाच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर तो उद्यापासून चालू करता येईल. काढलेली पेटी परत ठेवताना तिच्या जुन्या जागी न ठेवता हाताशी, पुढे सरकवायची. औषधं असतील तर मुदतीची तारीख वेगळी बघायची, कारण या नियमाला तारखा कळत नाहीत. आणि प्रत्येक पेटीवर ठळक चिठ्ठी हवी. ‘फिल्टर उजवीकडून चौथ्या पेटीत’ ही सवय सोडावी लागेल. संध्याकाळपर्यंत ती पेटी चौथी राहिलेली नसेल.