टॉम्स रिव्हरच्या सतरा खाटा आणि त्यामागची पन्नास वर्षं

२०२५च्या वसंतात न्यू जर्सीतल्या टॉम्स रिव्हर गावात एका चर्चच्या जागेवरून रान पेटलं. चर्चच्या आवारात बेघरांसाठी सतरा खाटांचा निवारा काढायचा प्रस्ताव होता आणि शेजारपाजारचे लोक त्याच्या विरोधात उठले होते. त्याच सुमारास महापौरांनी चर्चची जमीन सक्तीने संपादित करून तिथे बाग आणि पिकलबॉलची मैदानं करण्याचा ठराव पुढे आणला. देशभर बोभाटा झाला, मतदान लांबणीवर पडलं. टॉम्स रिव्हर हे ओशन काउंटीचं मुख्य ठिकाण; काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. काउंटीची वस्ती सहा लाखांच्या वर, आणि भांडण सतरा खाटांचं.

हे भांडण समजून घ्यायचं तर शेजारच्या बर्लिंग्टन काउंटीत, तेही पन्नासेक वर्षं मागे जावं लागतं. तिथल्या माउंट लॉरेल या टाउनशिपची लोकसंख्या १९५० साली होती २,८१७. शेतं, गोठे, कोंबड्यांची खुराडी. १९५१मध्ये टर्नपाइक हा टोलरस्ता शेजारून गेला, फिलाडेल्फिया हाकेच्या अंतरावर आलं आणि वीस वर्षांत वस्ती चौपट झाली. जवळच विलिंगबरोला १९५८पासून लेव्हिट कंपनी एका साच्यातली हजारो घरं विकत होती. कृष्णवर्णीयांना मात्र विकत नव्हती. १९६०मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिला ते बंद करायला लावलं. पण तोवर गावांच्या हाती आणखी सोयीचं हत्यार आलं होतं, ज्यात कुणाच्या रंगाचा उल्लेखही करावा लागत नाही: झोनिंगचा नकाशा, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधता येईल हे ठरवणारा.

माउंट लॉरेलने १९६४मध्ये केलेले नियम वाचण्यासारखे आहेत. घर बांधायचं तर एका कुटुंबासाठी एक स्वतंत्र बंगला, भूखंड अमुक आकाराचा हवा, चटईक्षेत्र अमुक फुटांहून कमी चालणार नाही. गावाची २९ टक्के जमीन कारखान्यांसाठी राखून ठेवली होती. त्या चार हजारांवर एकरांपैकी प्रत्यक्ष वापरात होते जेमतेम शंभर. म्हणजे जमीन ओस पडली तरी चालेल, पण तिच्यावर स्वस्त घर नको. पुढे काही ठिकाणी फ्लॅटना परवानगी मिळाली, ती अशा अटीवर की दर फ्लॅटमागे शाळेत जाणारी मुलं सरासरी ०.३पेक्षा जास्त निघाली, तर जादा मुलांच्या शिक्षणाचा खर्च बिल्डरने सोसायचा.

मुलांची एवढी धास्ती का? न्यू जर्सीत शाळा मुख्यतः प्रॉपर्टी टॅक्सवर चालतात, आणि हा कर अमेरिकेतल्या सर्वांत जड करांपैकी आहे. राज्यात साडेपाचशेहून जास्त नगरपालिका, आणि प्रत्येकीचा नकाशा वेगळा. मोठ्या घरातून कर जास्त येतो. छोट्या फ्लॅटमधून कर कमी आणि मुलं जास्त येतात, असा हिशेब. आपल्याकडची जी मंडळी एडिसन, प्लेन्सबरो, वेस्ट विंडसरला घर बघताना स्वयंपाकघराच्या आधी शाळेचं रेटिंग बघतात, त्यांना हे गणित तोंडपाठ असतं. ते कुणी, कुणाला बाहेर ठेवण्यासाठी मांडलं होतं, हे सहसा माहीत नसतं.

माउंट लॉरेलच्या स्प्रिंगव्हिल भागात कृष्णवर्णीय कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. काही जण तर डागडुजी केलेल्या खुराड्यांत. नगरपालिका ती घरं राहण्यास अयोग्य ठरवून एकेक पाडत होती आणि बदली काहीच देत नव्हती. रहिवाशांनी स्वतःच ३६ फ्लॅटची योजना आखली. १९७० साली महापौरांनी त्यांच्या चर्चमध्ये येऊन सांगितलं, की ज्यांना इथे राहणं परवडत नाही त्यांना गाव सोडावं लागेल. समोर बसलेल्या एथेल लॉरेन्स यांचे पूर्वज याच मातीत राबले होते. पुढच्या वर्षी खटला दाखल झाला, त्यात त्या वादी होत्या.

१९७५मध्ये न्यायमूर्ती फ्रेडरिक हॉल यांनी लिहिलेल्या निकालाने सांगितलं, की वाढत्या गावाने आपल्या भागातल्या गरिबांच्या घरांचा रास्त वाटा उचललाच पाहिजे. अमेरिकेत कुठल्याही न्यायालयाने एवढं स्पष्ट म्हटलं नव्हतं. गावाने काय केलं? दलदलीच्या, अडगळीच्या तुकड्यांवर झोनिंग बदललं आणि हात झटकले. १९८३मध्ये न्यायालयाने पुन्हा बडगा उगारला: गाव वाटा उचलत नसेल तर काही घरं स्वस्त ठेवणाऱ्या बिल्डरने कोर्टात जावं, कोर्ट त्याला जादा घरं बांधायची परवानगी मिळवून देईल. यावर उपनगरं खवळली. १९८५मध्ये विधिमंडळाने कायदा करून प्रकरण कोर्टाकडून एका मंडळाकडे नेलं आणि एक पळवाटही ठेवली: आपल्या वाट्याची निम्मी घरं पैसे देऊन दुसऱ्या, बहुधा गरीब, शहराच्या गळ्यात मारता येत. हा व्यवहार थेट २००८पर्यंत चालला. मला तर या सगळ्या इतिहासातली सर्वांत निर्लज्ज गोष्ट हीच वाटते.

एथेल लॉरेन्स १९९४मध्ये वारल्या. त्यांच्या नावाची वसाहत माउंट लॉरेलमध्ये उभी राहिली ती २०००मध्ये. पुढे तिथे १४० घरं झाली. गुन्हे वाढतील, घरांच्या किमती पडतील, कर चढेल, अशी आरडाओरड आधी झाली होती. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि सहकाऱ्यांनी नंतर आकडे तपासले. यातलं काहीच झालं नव्हतं.

पण या निकालांनी बेघरांचा प्रश्न सुटला नाही, आणि ते नीट समजलं पाहिजे. कायद्यातलं ‘परवडणारं घर’ बेतलेलं आहे ते त्या भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्के आणि ५० टक्के कमावणाऱ्यांसाठी. त्याहून खालच्यांसाठी, म्हणजे ३० टक्क्यांच्या आतल्यांसाठी, थोडी घरं राखायची सक्ती २००८मध्ये आली. आता मजुराचा हिशेब करू. २०२५मध्ये राज्याचं किमान वेतन तासाला १५.४९ डॉलर. आठवड्याला चाळीस तास, वर्षभर एकही खाडा नाही, तर महिन्याला सुमारे २,६८५. उत्पन्नाच्या तीस टक्के भाडं धरलं तर ८०५ डॉलर. एवढ्यात या उपनगरांत कुणी गॅरेजही देणार नाही.

पूर्वी अशांना एक आसरा होता, बोर्डिंग हाउसचा. समुद्रकाठच्या गावांतली जुनी हॉटेलं, त्यांत आठवड्याच्या भाड्याने एकेक खोली. पुण्यातल्या कॉट बेसिसची थोरली बहीण म्हणा. सरकारी मनोरुग्णालयांतून सोडलेले कित्येक जण तिथेच राहत. १९८०मध्ये ब्रॅडली बीचला आणि १९८१च्या जानेवारीत कीन्सबर्गला अशा घरांना आगी लागल्या. दोन्ही मिळून पन्नासच्या वर माणसं गेली. नियम कडक झाले, ते व्हायलाच हवे होते. पण ते पाळायचा खर्च न झेपलेली घरं मिटली, आणि गेलेल्या खोल्यांच्या जागी दुसरं काही बांधलं गेलं नाही. आता काउंटीचं कल्याण खातं बेघर कुटुंबाला हायवेकडेच्या मोटेलमध्ये ठेवतं आणि खोलीचं भाडं भरतं. मदतीला मुदत असते. ती संपली की पुन्हा गाडीची मागची सीट.

ओशन काउंटीत लेकवुडच्या जंगलात याच कारणाने तंबूंचं गाव वसलं होतं. एका धर्मोपदेशकाने बेघरांना तंबू, शेगड्या पुरवल्या आणि वस्ती शंभरावर गेली. टाउनशिप कोर्टात गेली. २०१३मध्ये तडजोड झाली: लोकांना वर्षभराचं घर द्यायचं, मग तंबू हटवायचे. २०१४मध्ये जंगल रिकामं झालं. टॉम्स रिव्हर तिथून फार लांब नाही.

उत्तरेला बर्गन काउंटीने वेगळी वाट धरली. हॅकेनसॅकमध्ये २००९ साली ९० खाटांचं केंद्र उघडलं आणि घर, आरोग्य, भत्ते यांची सगळी खाती तिथेच, एका छताखाली आणली. आणखी एक साधी गोष्ट केली: बेघरांची मोजदाद नुसत्या आकड्याने न करता नावानिशी यादी ठेवली आणि भाड्याचं अनुदान हाती देऊन एकेक नाव घरात नेलं. २०१७मध्ये दीर्घकाळ बेघर राहिलेल्यांची यादी तिथे संपली. काउंटी स्तरावर देशात ते पहिल्यांदाच झालं. नव्याने कुणी बेघर होत नाही असा त्याचा अर्थ नाही. झाला तर फार काळ तसा राहत नाही, एवढाच आहे.

२०२४च्या कायद्याने जुनं मंडळ बरखास्त झालं आणि २०३५पर्यंत राज्यभर सुमारे ८५ हजार नव्या परवडणाऱ्या घरांची गरज गावागावांत वाटून दिली गेली. काही गावं लगेच कोर्टात गेली. माँटव्हेल त्यांत पुढे होतं, आणि ते त्याच बर्गन काउंटीत आहे.

ती घरं होईपर्यंत हिवाळ्यासाठी २०१७चा ‘कोड ब्लू’ कायदा आहे. पारा गोठणबिंदूच्या आसपास उतरला की काउंटीच्या योजनेप्रमाणे एखादं सभागृह, एखादं चर्च रात्रीपुरतं उघडतात. सकाळी सगळ्यांना पिशव्या उचलून बाहेर पडावं लागतं.