डिझेल पंपाची ताकदवाढ

डिझेल इंजिनाच्या फ्युएल इंजेक्शन पंपात फेरबदल करून दर स्ट्रोकला जास्त डिझेल सोडायचे आणि इंजिनाची ताकद वाढवायची, असे हे काम. डिझेल इंजिनात हवा सहसा अडवली जात नाही. ताकद ठरते ती तिच्यात किती डिझेल फवारले यावर. म्हणून सगळ्यांचा हात आधी पंपाकडे जातो.

जुन्या ट्रकच्या इनलाइन (एका ओळीत एलिमेंट असलेल्या) पंपात दर सिलिंडरला एक एलिमेंट, म्हणजे प्लंजर आणि बॅरल, असते. दोघांतली फट जेमतेम काही मायक्रॉनची, त्यामुळे ही जोडी बदलायची तर जोडीनेच. प्लंजरवर तिरपी खाच असते. रॅक, म्हणजे प्लंजर फिरवणारी दातेरी पट्टी, सरकली की प्लंजर फिरतो, खाच बॅरलच्या छिद्राशी उशिरा पोचते आणि तेवढे डिझेल नोझलकडे जास्त जाते. रॅकची शेवटची हद्द फुल-लोड स्टॉप, म्हणजे जास्तीत जास्त डिझेलवरचा अडसर, ठरवतो. त्याचे सील तोडून तो मागे घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय. मोठे एलिमेंट हा दुसरा: 10 मिमीऐवजी 11 मिमीचा प्लंजर तेवढ्याच स्ट्रोकमध्ये 21 टक्के जास्त डिझेल देतो. व्हीई जातीच्या रोटरी पंपात (यात एकच प्लंजर फिरत सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटतो) मागचा स्क्रू आत घेतला की डिझेल वाढते, पण आयडलिंगही (इंजिनाचा रिकामा वेग) चढते आणि ते पुन्हा जुळवावे लागते.

खरी मर्यादा हवेची. 1 किलो डिझेल जळायला सुमारे 14.5 किलो हवा लागते. प्रत्यक्षात मिसळायला वेळच कमी मिळतो, म्हणून हवा 18-20 किलोच्या खाली गेली की काळा धूर सुरू होतो. धूर म्हणजे ताकद ही समजूत साफ चुकीची आहे. तो न जळलेला पैसा. एक्झॉस्ट तापतो, पिस्टनचा माथा वितळू शकतो. जास्त हवा कोंबणारा टर्बो आणि ती हवा थंड करणारा इंटरकूलर नसताना स्क्रू फिरवत राहणे म्हणजे इंजिनाशी वैर.

पुण्यात या विषयाला मोठी पार्श्वभूमी आहे. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 पासून, कोथरूडला कमिन्स 1962 पासून. कमिन्सच्या पीटी पद्धतीत तर फवाऱ्याचा उच्च दाब पंपात नव्हे, इंजेक्टरमध्येच तयार होतो, तिथे वरचे हिशेब लागू होत नाहीत.

काम करायचेच तर पंप उतरवून टेस्ट बेंचवर. बेंच पंप फिरवतो, ठरावीक स्ट्रोकनंतर काचनळ्यांतली पातळी बघतात. एक नळी कमी भरली तर त्या एलिमेंटचा क्लॅम्प सैल करून प्लंजर फिरवणारी स्लीव्ह (नळी) किंचित फिरवतात, पुन्हा मोजतात, पातळ्या सारख्या येईपर्यंत. रस्त्याकडेला पाना लावून हे जमत नाही.

पीयूसीत धुराची मर्यादा बीएस-4 पूर्वीच्या वाहनांना 65 आणि बीएस-4 वाहनांना 50 एचएसयू (धुराची दाटी मोजायचे एकक) आहे. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत डिझेलचे माप ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. म्हणून हा स्क्रू उरला आहे तो जुन्या ट्रकांत आणि ट्रॅक्टरांत; दौंड, इंदापूरकडे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढताना तो फिरवण्याचा मोह आजही होतो.