उडी मारली की धावत गेलात?

फोंड्याला मामांकडे चतुर्थीच्या रात्री आरत्या आटोपल्या की टीव्हीवर यूट्यूबवरचं जुनं संगीत नाटक लागतं. प्रवेश लांबला की मामा म्हणतात, “फॉरवर्ड कर रे.” मग एक भाचा पुढे उडी मारतो, दुसरा वेग दुप्पट करतो. मामांच्या लेखी दोन्ही एकच. त्यांचा फॉरवर्ड व्हीसीआरच्या काळातला, तेव्हा टेप खरोखर भराभर सरकायची.

इथे टेपच नाही. ॲपलने २००९ मध्ये आणलेली, नेटवरून व्हिडिओ पाठवायची एचएलएस पद्धत घ्या: सर्व्हरवर व्हिडिओचे छोटे तुकडे असतात, समजा ६ सेकंदांचा एकेक. तुम्ही ४० व्या मिनिटावर उडी मारलीत, की प्लेअर यादी बघून थेट ४०१ वा तुकडा मागवतो. मधले जे आधी उतरले नव्हते, ते येतच नाहीत; तेवढा डेटा वाचला. १० सेकंदांच्या उडीत मात्र बहुधा काहीच वाचत नाही, कारण तेवढं आधीच उतरून बसलेलं असतं.

उडी कधी कधी थोडी अलीकडे पडते, त्यालाही कारण आहे. व्हिडिओतली बहुतेक चित्रं अर्धीमुर्धी असतात. शेजारच्या चित्रांपेक्षा काय बदललं, एवढंच त्यांत नोंदलेलं. पूर्ण चित्र, म्हणजे की-फ्रेम, अधूनमधून येतं आणि सुरुवात तिथूनच करता येते. बस थांब्यावरच थांबते, तुमच्या दारात नाही, तसं.

दुप्पट वेगात यातलं काहीच घडत नाही. एकूण एक तुकडा येतो, फक्त निम्म्या वेळात. डेटा जवळजवळ तेवढाच, पण नेटला दुप्पट धावावं लागतं. सत्तरी तालुक्यात डोंगराआड रेंज अडखळली की चित्र लगेच धुरकटतं ते यामुळे. आवाजाची पट्टी प्लेअर सांभाळतो, म्हणून नट चिरक्या आवाजात बोलत नाही. लय मात्र दुप्पट होते. विलंबितातलं पद असं पळताना ऐकून मामा एकदा जेवता जेवता उठले होते, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

खालची रेघ ओढताना दिसणारी चिमुकली चित्रं ही आणखी वेगळी गोष्ट. ती बहुतेक ठिकाणी आधीच काढून ठेवलेली असतात. मूळ व्हिडिओ तेव्हा हलतही नाही. पद शोधायला मी तीच वापरतो. नट रंगमंचाच्या पुढच्या कडेला येऊन उभा राहिलेला दिसला, की बोट उचलायचं.