जुन्या रिकर्व्ह धनुष्याला हात लावण्यापूर्वी

१९६९ साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन यांना एक पेटंट मिळालं. धनुष्याच्या टोकांना चाकं लावून त्यांच्यावरून दोरी फिरवायची, म्हणजे पूर्ण ओढल्यावर हाताला पेलावा लागणारा भार बराच उतरतो, अशी ती युक्ती होती. हेच कंपाउंड धनुष्य. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक विजेतेपद मिळवलं ते याच प्रकारात. ॲलन यांच्या पेटंटनंतरच्या काही वर्षांत अमेरिकी शिकारी मोठ्या संख्येने कंपाउंडकडे वळले आणि त्याआधीची लाकूड-फायबरग्लासची रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेली, धनुष्यं तळघरात, माळ्यावर, गराजच्या कोपऱ्यात जाऊन पडली. आता त्या पिढीची घरं आवरली जाताना ती बाहेर येतात आणि नव्या धनुष्याच्या मानाने बऱ्याच कमी किमतीत मिळतात. माझ्याकडची बेअर कंपनीची ग्रिझली अशीच आलेली, ५८ इंची, मुठीजवळ पांढऱ्या बारीक अक्षरांत ओढीचा भार ४५ पौंड लिहिलेली.

असं धनुष्य घरी आलं की पहिला मोह होतो तो सँडपेपर हातात घ्यायचा. तो आवरावा. जुनं धनुष्य नीट करण्यातलं मोठं काम म्हणजे कुठे हात लावायचा नाही हे ओळखणं, आणि ते ओळखायचं असेल तर धनुष्य आतून कसं काम करतं हे आधी कळायला हवं.

मधल्या लाकडी मुठीला रायझर म्हणतात. तिच्या वर-खाली दोन पाती असतात, आणि वाकतात तीच. दोरी ओढली की पात्याची तिरंदाजाकडची बाजू दाबली जाते आणि लक्ष्याकडची बाजू ताणली जाते. बरोबर मध्यावर एक थर असा असतो की तिथे ताणही नाही आणि दाबही नाही. मध्यापासून जितकं बाहेर जावं तितका ताण वाढत जातो, म्हणून सर्वांत दणकट पदार्थ सर्वांत बाहेर हवा आणि आतला भाग हलका असला तरी चालतो. मध्य आशियातल्या कारागिरांनी हे हजारो वर्षांपूर्वी साधलं होतं: दाब सोसायला शिंग, ताण सोसायला जनावराचे स्नायुबंध, मध्ये लाकूड. आपल्याकडच्या आदिवासी तिरकमठ्याचा बांबू तर ही रचना निसर्गातूनच घेऊन येतो, कारण बांबूचे तंतू सालीच्या बाजूला सर्वांत दाट असतात. दुसऱ्या महायुद्धानंतर शिंग आणि स्नायूंची जागा फायबरग्लासने घेतली. मिशिगनमधल्या ग्रेलिंग गावी फ्रेड बेअर यांनी जो कारखाना चालवला, त्याचा या बदलात मोठा वाटा आहे. मेपलच्या पातळ पट्ट्या मध्ये, दोन्ही अंगांना एकाच दिशेने तंतू असलेली काच, सगळं गोंदाने चिकटवून साच्यात घट्ट दाबलेलं. त्या काळातल्या बहुतेक सगळ्या चांगल्या अमेरिकी रिकर्व्हची घडण थोड्याफार फरकाने हीच.

आता सँडपेपरचा हिशेब करू. वाकणाऱ्या पट्टीचा ताठरपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. आठ मिलिमीटर जाडीच्या पात्यावरून दोन्ही बाजूंनी फक्त ०.२ मिलिमीटर घासलं, तर जाडी ५ टक्क्यांनी घटते, पण ताठरपणा सुमारे १४ टक्क्यांनी पडतो. प्रत्यक्षात नुकसान याहूनही जास्त होतं, कारण घासली जाते ती बाहेरची काच, म्हणजे नेमका सर्वांत जास्त भार वाहणारा थर. शिवाय घासताना तंतू तुटतात आणि प्रत्येक तुटलेल्या टोकाशी ताण साचतो. एक पातं दुसऱ्यापेक्षा थोडं जास्त घासलं गेलं तर दोन्ही पात्यांचा तोल जातो, तो वेगळाच. त्यातून उडणारी काचेची धूळ फुप्फुसांना आणि त्वचेला वाईट. एवढं सगळं ओढवून घ्यायचं ते फक्त चमक यावी म्हणून!

त्याऐवजी कोमट पाणी, भांडी घासायचा सौम्य साबण आणि मऊ फडकं घ्यावं. पन्नास वर्षांची काजळी आणि हाताचा घाम एवढ्याने निघतो. वरचं लॅकर, म्हणजे चकचकीत रोगण, निस्तेज झालं असेल तर सर्वांत बारीक स्टील वूल हलक्या हाताने फिरवून वर मेण लावावं. रायझरजवळची हाताने लिहिलेली अक्षरं मात्र जपावीत, धनुष्याची जन्मनोंद तीच असते. बेअरच्या धनुष्यावर "१९५३" दिसलं की विकणारे हमखास तेच वर्ष सांगतात, पण तो कॅनडातल्या पेटंटचा सन आहे आणि नंतर कित्येक वर्षं तो छापला जात होता. १९६५ ते १९६९ मधल्या धनुष्यांवरचा अनुक्रमांक के या अक्षराने सुरू होतो आणि त्यातला पहिला आकडा वर्ष सांगतो. रायझरमध्ये सपाट बसवलेलं धातूचं नाणं असेल तर धनुष्य साधारण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचं, वर उचललेलं असेल तर त्यानंतरचं. पात्यावर ग्रेलिंगऐवजी फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलचं नाव असेल तर १९७८ नंतरचं, कारण कारखाना तिकडे गेला तेव्हा.

स्वच्छ झालं की तपासणी. खोलीतले दिवे घालवायचे आणि टॉर्च पात्याला जवळपास टेकवून तिरका प्रकाश टाकायचा. लांबीच्या दिशेने जाणाऱ्या केसासारख्या बारीक रेघा दिसल्या तर घाबरायचं कारण नाही. त्या बहुतेक वेळा लॅकरच्या असतात, काचेच्या नसतात. तंतूही त्याच दिशेने जातात, त्यामुळे अशी रेघ भार वाहणारं काही तोडत नाही. आडवी, म्हणजे पात्याच्या रुंदीतून जाणारी रेघ वेगळी. तिच्यावरून नख फिरवावं. नख अडकलं तर तंतू तुटलेत असं समजावं आणि धनुष्य भिंतीवर लावावं, ते ओढू नये. पात्याच्या कडांवरून कापसाचा बोळा फिरवला की सुटलेला तंतू डोळ्यांआधी कापसाला सापडतो. थर सुटलेत अशी शंका आली तर त्या फटीत कागदाची कड शिरते का, ते पाहावं. रायझरमध्ये आधीच्या मालकाने साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, बसवायला पाडलेली स्क्रूची भोकं बहुधा निरुपद्रवी असतात, कारण रायझर फारसं वाकत नाही. लाकडाचा भुसा इपॉक्सीत कालवून ती बुजवता येतात. पात्यात भोक असेल तर मात्र ते धनुष्य घेऊच नये.

पीळ हा जुन्या रिकर्व्हचा नेहमीचा आजार. वर्षानुवर्षं कोपऱ्यात तिरपं टेकवून ठेवलेलं, उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत राहिलेलं, किंवा पायात अडकवून दोरी चढवलेलं धनुष्य एका अंगाला पिळलं जातं. दोरी चढवून टोकाकडून एका डोळ्याने पाहिलं की कळतं: दोरी पात्याच्या मध्यावरून जायला हवी, ती एका कडेकडे सरकलेली दिसते. याला कारणीभूत असतो गोंद. थर चिकटवणारी रेझिनं एका ठरावीक तापमानापर्यंत काचेसारखी कडक असतात. त्या तापमानाच्या जवळ गेली की त्यांचे लांब रेणू हळूहळू सरकू लागतात आणि त्या वेळी जो भार असेल त्याला शरण जातात. थंड झाल्यावर तोच आकार पक्का होतो. उपाय याच गुणात दडलेला आहे. पातं नळाच्या गरम पाण्याखाली किंवा हेअर ड्रायरने हाताला सोसेल इतपत गरम करायचं, पिळाच्या उलट दिशेने थोडं जास्तच वळवायचं आणि पूर्ण थंड होईपर्यंत सोडायचं नाही. एका खेपेत सगळा पीळ जात नाही, पुन्हा पुन्हा करावं लागतं. हीट गनचा मोह मात्र नको. पीळ काढायला जाऊन थरच सुटायचे.

दोरी नवीनच घ्यावी, आणि ती डॅक्रॉन या पॉलिएस्टर धाग्याची. आजच्या स्पर्धांमधल्या धनुष्यांना डायनीमासारख्या अत्यंत कमी ताणल्या जाणाऱ्या धाग्याची दोरी असते. तिने बाण थोडा वेगाने जातो, पण बाण सुटण्याच्या क्षणी वेगाने पुढे आलेली पाती ती एका झटक्यात थांबवते. त्या झटक्याचा भार ओढीच्या भारापेक्षा कितीतरी मोठा असतो आणि तो पडतो पात्याच्या टोकावर, दोरी अडकवायच्या खाचेत. आजची टोकं त्यासाठी मजबूत केलेली असतात, साठच्या दशकातली नसतात. डॅक्रॉन ताणलं जातं, झटका लांबवतं, आणि म्हणून जुन्या टोकांना सोसतं. दोरी धनुष्याच्या छापील लांबीपेक्षा तीन-चार इंच आखूड लागते. चढवताना पायाने वाकवू नये, दोन्ही टोकांना अडकणारा बो-स्ट्रिंगर वापरावा.

चढवलेल्या दोरीकडे बाजूने पाहिलं की रिकर्व्हचं मर्म दिसतं. पात्यांची टोकं पुढे वळलेली असतात आणि दोरी त्या वळणाला चिकटून टेकलेली असते. ओढायला लागलं की दोरी वळणावरून सुटत जाते, म्हणजे काम करणाऱ्या पात्याची लांबी वाढत जाते आणि तरफ मोठी होते. त्यामुळे सुरुवातीला भार झपाट्याने चढतो, पण शेवटच्या इंचांत सरळ पात्याच्या आखूड धनुष्यासारखा तो अचानक अंगावर येत नाही. हे घरी मोजता येतं. बॅगा तोलायचा हुकवाला डिजिटल काटा दोरीत अडकवायचा, बाणावर इंचाइंचाच्या खुणा करायच्या आणि प्रत्येक खुणेवरचा भार लिहून आलेख काढायचा. रेघ सुरुवातीला वर फुगलेली येते. त्या रेघेखालचं क्षेत्रफळ म्हणजे धनुष्यात साठलेली ऊर्जा. त्या रेघेवर बोट ठेवून इतकी सोपी गोष्ट स्वतःच्या धनुष्यात सापडते, तेव्हा मला फार आनंद होतो.

आकडे घालून पाहू. समजा २८ इंचांपर्यंत ओढल्यावर भार ४० पौंड, म्हणजे १७८ न्यूटन. दोरी सुमारे अर्धा मीटर मागे येते, तेव्हा साठते साधारण ४५ जूल ऊर्जा. यातली सगळी बाणाला मिळत नाही, काही भाग पाती आणि दोरीच्या हालचालीत राहतो. पॉल क्लॉपस्टेग या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने यासाठी एक सुरेख कल्पना मांडली: धनुष्याचं एक आभासी वस्तुमान असतं आणि ते जणू बाणाबरोबर धावतं. २६ ग्रॅमच्या बाणाला ७० टक्के ऊर्जा मिळत असेल तर हे आभासी वस्तुमान ११ ग्रॅम निघतं. बाणाचा वेग येतो सेकंदाला सुमारे ४९ मीटर, म्हणजे ताशी १७७ किलोमीटरच्या आसपास. तरी १८ मीटरवर पोचेपर्यंत तो सुमारे ६५ सेंटिमीटर खाली येतो, म्हणूनच साइट नसलेल्या धनुष्यावर हाताला अंतर कळावं लागतं.

आता वेगाच्या हव्यासाने १३ ग्रॅमचा बाण लावला तर? त्याला मिळतो १३ भागिले २४, म्हणजे ५४ टक्के वाटा. धनुष्यात उरणारी ऊर्जा साडेतेरा जूलवरून जवळपास एकवीस जूलवर जाते आणि ती पात्यांच्या थरथरीत, गोंदाच्या थरांत, टोकांच्या खाचांत जिरते. बाणच नसेल तर सगळीच्या सगळी तिथे जिरते. बाण न लावता दोरी ओढून सोडण्याने चांगलं धनुष्य एका क्षणात फुटू शकतं ते यामुळे. घरी आलेला प्रत्येक पाहुणा नेमकं हेच करून बघतो, तेव्हा धनुष्य त्याच्या हातात देण्याआधी हे सांगावं. जुन्या रिकर्व्हसाठी ओढीच्या प्रत्येक पौंडामागे दहा ग्रेन, म्हणजे सुमारे ०.६५ ग्रॅम, हे प्रमाण मी पाळतो.

बाणाचा ताठरपणाही जुळावा लागतो. दोरी मध्यावरून ढकलते, पण धनुष्याची मूठ वाटेत असते, मग बाण सरळ जातो कसा? १९३० च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने याचं चित्रण केलं. हिकमन बेल प्रयोगशाळेतले, आणि त्याआधी रॉबर्ट गोडार्ड यांच्याबरोबर रॉकेटवर काम केलेले. चित्रणात दिसलं की सुटल्यावर बाण वाकतो, उलट वाकतो आणि मुठीला वळसा घालून निघून जातो. हे सगळं पंधरा-वीस मिलिसेकंदांत होतं. जुन्या धनुष्यांची खिडकी, म्हणजे बाण जाण्यासाठी मुठीत कापलेली जागा, पुष्कळदा मध्यापर्यंत कापलेली नसते, म्हणजे वळसा मोठा, म्हणून त्यांना आजच्या धनुष्यापेक्षा थोडा लवचीक बाण लागतो. पिसं खरी हवीत: शेल्फला, म्हणजे बाण टेकायच्या कट्ट्याला, घासली तर ती दबतात, प्लॅस्टिकची बाणाला ढकलून देतात.

पहिल्या दिवशी पूर्ण ओढायचं नाही. दोरी चढवून काही तास तसंच ठेवावं, मग डोळ्यांवर गॉगल लावून आधी थोडं, मग अर्धं, असं वाढवत जावं आणि कान पात्याकडे ठेवावा. "टिक" असा आवाज आला तर थांबून पुन्हा टॉर्च घ्यावी. दोरी आणि मूठ यांच्यातलं अंतर साडेसात ते साडेआठ इंचांत ठेवून दोरीला पीळ देत किंवा काढत आवाज सर्वांत कमी कुठे येतो, ते शोधावं. मग चार-पाच मीटरवरून पिसांचे आणि बिनपिसांचे बाण एकत्र मारून पाहावेत. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बिनपिसांचा बाण डावीकडे रुतत असेल तर तो जास्त ताठ आहे, जड टोक लावावं. उजवीकडे जात असेल तर जास्त लवचीक आहे, अर्धा-अर्धा इंच कापत जावं किंवा हलकं टोक लावावं. काम झालं की दोरी उतरवावी आणि धनुष्य दोन खुंट्यांवर आडवं ठेवावं.