जुन्या बफरमध्ये वेगळा पडलेला ठिपका

पेशीच्या आतले बरेचसे निरोप फॉस्फेट नावाच्या एका चिमुकल्या रासायनिक गटाच्या जोरावर पोचतात. मध्ये फॉस्फरसचा एक अणू, भोवती ऑक्सिजनचे अणू, एवढाच त्याचा पसारा. पण प्रथिनाच्या नेमक्या जागी तो चिकटला की प्रथिनाची घडी बदलते. झोपलेलं विकर कामाला लागतं किंवा चालू असलेलं थांबतं. फॉस्फेट चिकटवणाऱ्या विकरांना कायनेज म्हणतात, काढून टाकणाऱ्यांना फॉस्फेटेज. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी १९५५ च्या सुमारास स्नायूंमध्ये ही युक्ती पकडली आणि १९९२ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. १९५५ नंतरची दोनेक दशकं मात्र प्रथिनांमधल्या या निरोपांचा विचार दोनच अमिनो आम्लांभोवती फिरत राहिला, सेरीन आणि थ्रिओनिन. तिसरं टायरोसिन कुणाच्या हिशेबात नव्हतं. ते हिशेबात आणलं टोनी हंटर यांनी, १९७९ मध्ये. कर्करोगाच्या उपचारात आज ज्या गोळ्या आपल्याला नावानिशी माहीत आहेत, त्यांतल्या कितीतरींचं मूळ तिथे आहे.

हंटर मूळचे इंग्लंडमधल्या केंट परगण्यातले, जन्म १९४३ चा. केंब्रिजमध्ये शिकताना पेशी प्रथिनं कशी तयार करते, हा त्यांचा विषय होता. १९७१ मध्ये ते कॅलिफोर्नियातल्या ला होया इथल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये आले. दोनेक वर्षांनी केंब्रिजला परतले, पण १९७५ मध्ये पुन्हा सॉल्कमध्ये दाखल झाले ते कायमचेच. त्या काळी तिथे गाठी निर्माण करणाऱ्या विषाणूंवर जोरात काम चालू होतं. हंटर यांच्यासमोरचा प्रश्न औषधाचा नव्हताच. इतका छोटा विषाणू, मोजकीच जनुकं, आणि तरी तो धडधाकट पेशीला बेलगाम कसा करतो, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

या प्रश्नाला मोठी परंपरा आहे. पेटन राऊस यांनी १९११ मध्ये दाखवलं होतं की कोंबडीच्या गाठीचा अर्क इतक्या बारीक गाळणीतून गाळला की त्यात एकही पेशी उरत नाही, तरी तो दुसऱ्या कोंबडीला टोचल्यावर तिला गाठ होते. म्हणजे कारण पेशीहून लहान होतं, विषाणू होता. राऊस यांना नोबेल मिळायला १९६६ साल उजाडावं लागलं. या विषाणूतलं गाठीला कारणीभूत जनुक म्हणजे सार्क. मायकेल बिशप आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांच्या प्रयोगशाळेने १९७६ मध्ये दाखवलं की ते जनुक विषाणूचं स्वतःचं नाहीच, त्याने ते कधीकाळी कोंबडीच्याच पेशीतून उचललेलं आहे. मला हा विसाव्या शतकातल्या जीवशास्त्राचा सर्वांत हादरवणारा निष्कर्ष वाटतो. कर्करोगाचं बीज बाहेरून यावंच लागत नाही, आपल्या रोजच्या कारभारातलं एखादं जनुकच बिघडून तो घडवू शकतं.

सार्कचं प्रथिन करतं काय? मार्क कोलेट आणि रे एरिकसन यांनी १९७८ मध्ये उत्तर दिलं की ते कायनेज आहे. फॉस्फेट कुठे चिकटतो, तेही त्यांनी तपासलं आणि थ्रिओनिनवर, असं नोंदवलं.

हंटर, वॉल्टर एकहार्ट आणि मेरी ॲन हचिन्सन तेव्हा दुसऱ्याच विषाणूमागे होते. तो उंदरांमधला, पॉलिओमा. त्याचं मिडल टी नावाचं प्रथिन गाठींना जबाबदार होतं, आणि ते वेगळं काढून परीक्षानळीत ठेवलं की त्यालाही फॉस्फेट चिकटताना दिसत होता. कोणत्या अमिनो आम्लावर? हे पाहण्याची ठरलेली रीत होती. किरणोत्सारी फॉस्फरस असलेलं एटीपी, म्हणजे कायनेजाला फॉस्फेट पुरवणारा रेणू, प्रथिनाबरोबर ठेवायचं, म्हणजे चिकटणारा फॉस्फेट ओळखता येतो. मग ते प्रथिन तीव्र आम्लात तापवून त्याचे तुकडे करायचे, अगदी सुट्या अमिनो आम्लांपर्यंत. त्या मिश्रणाचा थेंब एका पातळ थराच्या पट्टीवर टाकायचा, पट्टी बफरने, म्हणजे आम्लता ठरावीक ठेवणाऱ्या द्रावणाने, भिजवायची आणि उच्च दाबाची वीज सोडायची. ज्याच्यावर जसा विद्युतभार, तसा त्याचा वेग. शेवटी पट्टीवर क्ष-किरणांची फिल्म ठेवली की किरणोत्सारी ठिपके उमटतात आणि शेजारी लावलेल्या ओळखीच्या नमुन्यांशी ते ताडून पाहता येतात.

या बफरचा सामू, म्हणजे पीएच, १.९ असायचा. हंटर यांनी त्या दिवशी ताजा बफर केला नाही, आधी बऱ्याचदा वापरलेलाच पुन्हा घेतला. कंटाळा केला, असं त्यांनी पुढे स्वतःच मोकळेपणाने सांगितलं आहे. वापरून वापरून त्याचा सामू १.७ पर्यंत उतरला होता. फिल्मवर उमटलेला ठिपका ना सेरीनच्या नमुन्याशी जुळला ना थ्रिओनिनच्या.

हंटर यांचं शिक्षण रसायनाच्या अंगाने झालेलं, ते इथे कामी आलं. या पद्धतीचा फॉस्फेट ज्याच्याशी जोडला जातो तो ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट प्रथिनं घडवणाऱ्या नेहमीच्या वीस अमिनो आम्लांपैकी तिघांवरच असतो: सेरीन, थ्रिओनिन आणि टायरोसिन. पहिली दोन बाद झाली, उरलं टायरोसिन. फॉस्फेट जोडलेल्या टायरोसिनचा नमुना त्यांनी प्रयोगशाळेतच तयार करून शेजारी लावला, आणि ठिपका त्याच्याशी तंतोतंत जुळला.

१.९ सामूला टायरोसिनचा आणि थ्रिओनिनचा ठिपका जवळजवळ एकाच जागी पडतात. १.७ ला त्यांच्या विद्युतभारात किंचित फरक पडतो आणि ते सुटे होतात. कोलेट आणि एरिकसन यांच्या हातात बहुधा तोच टायरोसिन होता, पण पद्धतच अशी होती की तो थ्रिओनिनच्या आड लपून राहावा. हंटर आणि बार्ट सेफ्टन यांनी सार्क तपासलं तेव्हा तिथेही टायरोसिनच निघालं, आणि १९८० मध्ये ते छापून आलं. त्यांनी साध्या पेशींचाही हिशेब मांडला. फॉस्फेट लागलेल्या अमिनो आम्लांत टायरोसिनचा वाटा टक्क्याच्या शेकडाव्या हिश्शांत मोजावा इतका कमी होता, आणि राऊस यांच्या विषाणूने बिघडवलेल्या पेशींत तो आठपटीपर्यंत वाढलेला होता.

एवढी दुर्मीळ गोष्ट एवढी महत्त्वाची कशी, याचं उत्तर तिच्या दुर्मीळ असण्यातच आहे. टायरोसिनवरचा फॉस्फेट फार काळ टिकू दिला जात नाही, फॉस्फेटेज विकरं तो लगेच उडवतात. त्यामुळे पाटी बहुतेक वेळ कोरी असते आणि तिच्यावर उमटलेला एकेक फॉस्फेट स्पष्ट वाचता येतो. पेशीची वाढ सुरू करणारा निरोप असाच येतो. वाढीचा घटक, म्हणजे पेशीला वाढायला सांगणारा रेणू, बाहेरून पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहक प्रथिनाला चिकटतो, तशी दोन ग्राहकं जवळ येतात आणि पेशीच्या आत लोंबणाऱ्या एकमेकांच्या शेपटांवरच्या टायरोसिनला फॉस्फेट लावतात. तो फॉस्फेट ओळखणारा एक खास भाग काही प्रथिनांत असतो. टोनी पॉसन यांच्या गटाने तो १९८६ मध्ये वेगळा ओळखला आणि त्याला एसएच२ नाव पडलं. एसएच२ असलेलं जीआरबी२ प्रथिन शेपटावर येऊन बसतं, बरोबर एसओएसला आणतं, ते रास नावाच्या प्रथिनाला जागं करतं, आणि तिथून कायनेजांची साखळी निरोप थेट केंद्रकापर्यंत नेते. तिथे विभाजनाची जनुकं चालू होतात. आपल्या जनुकसंचात कायनेजं पाचशेहून अधिक आहेत, त्यांतली टायरोसिनवर काम करणारी सुमारे नव्वद. कर्करोगात वारंवार बिघडलेली सापडणाऱ्या कायनेजांत या नव्वदांचा भरणा मोठा आहे.

बिघाड नेमका होतो कसा, हे सार्कमध्ये फार सुंदर दिसतं. सार्कच्या टोकाला एक छोटं शेपूट असतं आणि त्यावर, कोंबडीच्या सार्कमध्ये ५२७ व्या जागी, एक टायरोसिन. त्याला फॉस्फेट लागला की सार्कचा स्वतःचाच एसएच२ भाग त्या शेपटाला धरतो, सगळं प्रथिन दुमडतं आणि विकर बंद पडतं. जणू स्वतःच्याच शेपटाने घातलेली कडी. जॉन कूपर, हंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये या टायरोसिनवरचा फॉस्फेट दाखवून दिला. विषाणूने उचललेल्या सार्कमध्ये हे शेपूटच गळलेलं आहे, त्यामुळे ते कायम चालू राहतं. मिडल टीचं कोडंही याच सुमारास सुटलं. सॅरा कोर्टनीज आणि ॲलन स्मिथ यांना १९८३ मध्ये आढळलं की मिडल टी स्वतः कायनेज नाहीच, ते पेशीच्या सार्कला चिकटून त्याला चालू ठेवतं. हंटर यांच्या फिल्मवरचा तो ठिपका मुळात सार्कचीच करामत होती.

औषधाची वाट दुसऱ्या एका कायनेजातून गेली, एबल. दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि एबलला बीसीआर नावाच्या प्रथिनाचा तुकडा जोडला जातो. हे जोडप्रथिन सतत टायरोसिनला फॉस्फेट लावत सुटतं. बोस्टनमध्ये थॉमस रॉबर्ट्स यांच्या प्रयोगशाळेत ब्रायन ड्रुकर यांनी फॉस्फेट लागलेल्या टायरोसिनला ओळखणारी प्रतिपिंडं घडवली होती. हे काम मिडल टीवरच्या संशोधनाच्या ओघात झालेलं, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. उंदरांच्या विषाणूवरचं काम नसतं, तर एबलला रोखणारं रसायन पेशीत खरंच काम करतंय की नाही, हे पाहण्याचं हत्यार ड्रुकर यांच्या हाती कुठून आलं असतं? निकोलस लायडन यांच्या गटाने घडवलेल्या रसायनांतलं एक ड्रुकर यांनी निवडून पुढे नेलं, ते इमॅटिनिब. पहिल्या चाचणीत, जुन्या उपचाराला दाद न देणाऱ्या आणि रोज ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त मात्रा घेणाऱ्या ५४ पैकी ५३ रुग्णांचं रक्तपेशींचं प्रमाण पूर्ववत झालं. २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली.

पण सगळ्या कर्करोगांत असं घडलं नाही, आणि तसं भासवणं रुग्णांवर अन्याय आहे. या ल्युकेमियाचा सुरुवातीचा टप्पा एकाच बिघडलेल्या कायनेजावर तगून असतो. फुप्फुसाच्या किंवा आतड्याच्या गाठीत अनेक बिघाड एकत्र नांदत असतात, एक दार बंद केलं की पेशी दुसऱ्या दाराने वाट काढते. ल्युकेमियातसुद्धा काहींच्या शरीरात एबलच्या ३१५ व्या जागचं थ्रिओनिन बदलून आयसोल्युसिन होतं आणि इमॅटिनिबला बसायला जागाच उरत नाही. त्यावर आलेल्या औषधांपैकी ॲसिमिनिब मला विशेष वाटतं. साध्या एबललाही सार्कसारखी स्वतःला मिटून घेण्याची सोय असते: त्याच्या सुरुवातीच्या टोकाला लागलेला एक मेदाम्लाचा तुकडा त्याच्याच एका खोबणीत जाऊन बसतो. जोडप्रथिनात ते टोक नाहीसं झालेलं असतं, खोबणी मात्र शाबूत असते. २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं ॲसिमिनिब त्याच खोबणीत बसतं आणि कायनेजाला मिटवतं. ३१५ ची जागा त्या खोबणीपासून दूर असल्याने तिथला बदल झालेल्या रुग्णांतही, जास्त मात्रेत, ते चालतं.

हंटर यांनी सत्तरी ओलांडल्यावर हिस्टिडिन या अमिनो आम्लाकडे मोर्चा वळवला. हिस्टिडिनलाही फॉस्फेट लागतो हे १९६० च्या दशकापासून माहीत होतं, पण अभ्यास फारच थोडा झाला होता. कारण हिस्टिडिनवरचा फॉस्फेट आम्लात टिकत नाही. ज्या तीव्र आम्लात प्रथिन तापवून हंटर यांना टायरोसिन सापडलं, त्याच आम्लात हिस्टिडिनवरचे फॉस्फेट नाहीसे होत होते. मोजायला काही उरतच नव्हतं. मग त्यांच्या गटाने सहजी न तुटणारे, हुबेहूब दिसणारे नकली रेणू वापरून प्रतिपिंडं घडवली आणि २०१५ मध्ये ती प्रसिद्ध केली. ती वापरून स्वित्झर्लंडमधल्या बासेल इथल्या मायकेल हॉल यांच्या गटाने उंदरांच्या यकृतातल्या गाठी तपासल्या. तिथे हिस्टिडिनवरचा फॉस्फेट वाढलेला होता आणि तो काढणारं एलएचपीपी नावाचं विकर घटलेलं होतं. उंदरांमध्ये ते विकर पुन्हा पुरवलं तेव्हा गाठी कमी झाल्या. यकृताचा कर्करोग झालेल्या माणसांमध्येही, ज्यांच्या गाठीत एलएचपीपी कमी त्यांचा आजार अधिक गंभीर, असं २०१८ मधल्या त्यांच्या शोधनिबंधात नोंदवलेलं आहे.