बालमृत्यू मोजायचे कसे? आईला विचारून

खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत लग्नकार्याला चार वडीलधारी माणसे जमली की एक विधान हमखास कानावर येते: पूर्वी एकेका घरात दहा-अकरा मुले होत, बाळंतपण सुईणीच्या हातून घरीच उरके, लस नव्हती की दवाखाना नव्हता, तरी सगळी पोरे ठणठणीत राहिली. अलीकडे हेच विधान जुन्या छायाचित्रासह मोबाइलवर फिरते आणि त्याच्या शेपटाला लसीकरणाविषयीची शंका जोडलेली असते. सांगणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल प्रश्न नाही, परंतु त्यांचा पुरावा आपोआप चाळून आलेला आहे. ही आठवण सांगायला जे उरले ते जगलेले आहेत; त्यांच्या ज्या भावंडांनी पहिला वाढदिवसही पाहिला नाही, त्यांचे छायाचित्र नाही आणि पुष्कळदा नावही नाही.

याच्या उलट टोकाचा गैरसमजही तितकाच प्रचलित आहे. १९५१ च्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते, यावरून त्या काळी माणसे तिशीतच म्हातारी होत असावीत, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती सरासरी खाली खेचली जात होती ती प्रामुख्याने लहान मुलांच्या मृत्यूंमुळे. बालपण पार केलेल्या माणसाला तिशीच्या बरेच पुढे जगण्याची आशा असे.

दोन काळांची तुलना करायची तर आठवण पुरत नाही, दर लागतो. अर्भक मृत्युदर म्हणजे एका वर्षात एक वर्षाखालील जितकी बाळे दगावली, त्या संख्येला त्याच वर्षीच्या जिवंत जन्मांनी भागून हजाराने गुणायचे. गणित चौथीतले आहे. अडचण आहे ती वरचा आकडा आणि खालचा आकडा दोन्ही खरे मिळवण्याची.

ब्रिटिश काळापासून गावच्या नोंदवहीत जन्म-मृत्यू लिहिले जात, पण बारशाआधीच गेलेल्या बाळाची नोंद करायला चावडीवर कोण जाणार? अशा वेळी जन्मही निसटतो आणि मृत्यूही. समजा, एका तालुक्यात वर्षाला १,००० बाळे जन्मतात व त्यांतली १०० दगावतात, पण वहीत येतात ८०० जन्म आणि ४० मृत्यू. म्हणजे कागदावरचा दर ५०. काही वर्षांनी खरे मृत्यू ७० वर आले आणि दरम्यान नोंदणी सुधारल्यामुळे वहीत ९५० जन्म व ६५ मृत्यू लिहिले गेले, तर कागदावरचा दर होतो ६८. प्रत्यक्षात मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने घटले असताना वही सांगते की परिस्थिती बिघडली.

आपल्या सीमाभागात यात आणखी एक गुंता आहे. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्या दिवशी तो म्हैसूर राज्यात गेला, पण चंदगड तालुका मागे राहून कोल्हापूर जिल्ह्यात समाविष्ट झाला. त्याआधी रायबाग कोल्हापूर संस्थानाचा भाग होता आणि रामदुर्ग हे स्वतंत्र संस्थान होते. तेव्हा १९३० चा ‘बेळगाव जिल्हा’ आणि आजचा ‘बेळगाव जिल्हा’ यांचे आकडे शेजारी मांडणे म्हणजे दोन वेगळ्या प्रदेशांची तुलना करणे होय. शिवाय जन्म-मृत्यूची नोंद घटना जिथे घडली तिथे होते, कुटुंब राहते त्या गावी नव्हे. चंदगडची बाई बेळगावच्या रुग्णालयात बाळंत झाली आणि बाळ पुढे गावी दगावले, तर जन्म कर्नाटकाच्या खात्यावर आणि मृत्यू महाराष्ट्राच्या खात्यावर पडतो. निपाणीची सून कोल्हापुरात बाळंत झाली तर याच्या नेमके उलट. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रिवाजाने तर ही उलटापालट दोन्ही राज्यांत रोजची झाली आहे.

देशपातळीवर या अडचणीवर १९७० च्या सुमारास एक उत्तम तोडगा लागू झाला. ‘नमुना नोंदणी पद्धती’त निवडक गावांत व नागरी भागांत एक स्थानिक गणक वर्षभर जन्म-मृत्यू टिपत राहतो आणि एक पर्यवेक्षक दर सहा महिन्यांनी घरोघर जाऊन स्वतंत्रपणे तीच माहिती गोळा करतो, मग दोन्ही याद्या ताडून जुळत नाहीत त्या घटनांची जागेवर पडताळणी होते. या पद्धतीनुसार भारताचा अर्भक मृत्युदर १९७१ मध्ये १२९ होता, १९९० मध्ये ८० आणि २०२० मध्ये २८. मात्र हा नमुना राज्यासाठी पुरेसा असला तरी जिल्ह्यासाठी तोकडा पडतो, त्यामुळे बेळगावचा दर त्यातून मिळत नाही.

जिल्ह्याचा अंदाज घेण्याची युक्ती विल्यम ब्रास या स्कॉटिश लोकसंख्याशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मांडली, आणि माझ्या मते समाजविज्ञानातल्या अतिशय देखण्या कल्पनांमध्ये तिची गणना व्हायला हवी. वहीची गरज नाही, तारखांची गरज नाही. प्रत्येक विवाहित स्त्रीला तिचे वय आणि दोनच गोष्टी विचारायच्या: एकूण किती मुले जिवंत जन्मली आणि त्यांतली आज किती हयात आहेत. भारताच्या जनगणनेत १९८१ पासून हे प्रश्न विचारले गेले आहेत. बाई जिथे राहते तिथेच ती मोजली जाते, म्हणून बाळंतपण माहेरी झाले की सीमेपलीकडच्या रुग्णालयात, याने काही बिघडत नाही.

आता यातून दर कसा निघतो ते पाहू. एका कल्पित गावात ३० ते ३४ वयाच्या २०० स्त्रियांना मिळून ६४० मुले झाली व त्यांतली ६४ दगावली, म्हणजे दहा टक्के. या मुलांपैकी काही पंधरा वर्षांपूर्वी जन्मली, काही गेल्या महिन्यात. मोठ्यांनी बालपणाचा सगळा धोका पार केला आहे, तान्ह्यांनी जेमतेम काही दिवसांचा. या सगळ्यांची सरमिसळ झाल्यावर मिळणारे प्रमाण वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत मृत्यू येण्याच्या शक्यतेच्या फार जवळ असते, हे ब्रास यांनी दाखवले. त्याचप्रमाणे २० ते २४ वयाच्या स्त्रियांचे प्रमाण दोन वर्षांपर्यंतची शक्यता सांगते, २५ ते २९ चे तीन वर्षांपर्यंतची, ४० ते ४४ चे पंधरा वर्षांपर्यंतची. जिथे लग्ने लवकर होतात तिथे त्याच वयाच्या स्त्रियांची मुले अधिक मोठी असतात, त्यांना धोक्यात अधिक काळ मिळालेला असतो, म्हणून प्रमाण जरा फुगते. ते एकापेक्षा थोड्या लहान गुणकाने गुणून खाली आणायचे. लग्ने उशिरा होत असतील तर गुणक एकापेक्षा मोठा घ्यायचा. गुणक किती, हे लागोपाठच्या वयोगटांतील स्त्रियांच्या सरासरी अपत्यसंख्यांच्या गुणोत्तरावरून ठरते.

याहून सुंदर भाग पुढे आहे. वयस्क स्त्रियांची मुले अधिक पूर्वी जन्मलेली असल्यामुळे त्यांची उत्तरे अधिक जुन्या काळाविषयी बोलतात: २५ ते २९ वयोगट साधारण चार वर्षांपूर्वीची स्थिती सांगतो, ३० ते ३४ सहा-सात वर्षांपूर्वीची, ४० ते ४४ सुमारे बारा वर्षांपूर्वीची. म्हणजे एकाच दिवशी विचारलेल्या प्रश्नांतून मागच्या दशकाचा चढउतार उलगडतो. फक्त तीन वर्षांपर्यंतची शक्यता आणि पंधरा वर्षांपर्यंतची शक्यता थेट ताडून पाहता येत नाहीत. त्यासाठी कोल आणि डेमेनी या लोकसंख्याशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या किंवा तशाच अन्य नमुना जीवनसारण्यांचा, म्हणजे कोणत्या वयापर्यंत किती जण जगतात हे दाखवणाऱ्या ठरावीक तक्त्यांचा, आधार घेऊन प्रत्येक अंदाज पाच वर्षांखालील मृत्युदरात रूपांतरित करतात, आणि निवडलेली सारणी त्या प्रदेशाच्या वयोनुसार मृत्यूच्या घडणीशी जुळत नसेल तर चूक तिथेच शिरते.

पद्धतीला इतरही मर्यादा आहेत. १५ ते १९ वयाच्या मातांचे उत्तर नेहमी अतिरेकी येते, कारण कोवळ्या वयातील पहिलटकरणींच्या बाळांना धोका अधिक असतो. ज्या माता स्वतःच दगावल्या त्यांची मुले मोजणीत येतच नाहीत. अकरा मुलांच्या गोष्टीतली गाळणी इथेही थोडी शिल्लक राहते. म्हाताऱ्या स्त्रिया फार पूर्वी गेलेले बाळ सांगायचे टाळतात किंवा विसरतात. म्हणून घरी राहणारी, बाहेरगावी राहणारी आणि वारलेली मुले वेगवेगळी विचारायची आणि जन्मल्यावर फक्त एकदा रडून गेलेले बाळही धरायचे, अशी दक्षता चांगले गणक घेतात.

त्या विसरल्या गेलेल्या बाळांपैकी कितीतरी पहिल्या पंधरवड्यातच गेली. पाचवीला सटवाई येऊन कपाळी आयुष्य लिहिते, अशी समजूत आपल्याकडे आहे, आणि तिला बळ देणारा एक रोगही होता. नवजात धनुर्वाताची लक्षणे जन्मानंतर तीन ते चौदा दिवसांत, बहुधा आठवड्याच्या आसपास दिसू लागतात. गंजक्या विळ्याने कापलेल्या किंवा शेण लावलेल्या नाळेतून जंतू शिरत, आणि दोष सटवाईच्या लेखणीला जाई. गर्भवतीला धनुर्वाताची लस मिळू लागली, नाळ निर्जंतुक पात्याने कापली जाऊ लागली आणि २०१५ मध्ये भारतातून माता-नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. बेळगावच्या टिळकवाडीतील ‘व्हॅक्सिन डेपो’च्या मैदानावर फिरायला जाणाऱ्यांनी या जागी एके काळी देवीची लस तयार होत असे, हेही ध्यानात घ्यावे. सगळे श्रेय लसींचेच असे मात्र नव्हे. पिण्याचे पाणी, मुलींचे शिक्षण, दोन बाळंतपणांतील अंतर आणि जुलाबावरचे मीठ-साखरेचे पाणी यांचा वाटाही मोठा आहे.

आज आकडे भरपूर आहेत, आणि धोका त्यांची सरमिसळ करण्याचा आहे. नमुना नोंदणीनुसार २०२० मध्ये कर्नाटकाचा अर्भक मृत्युदर १९ होता व महाराष्ट्राचा १६. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत तेच आकडे सुमारे २५ आणि २३ असे येतात. यावरून कोणी कर्नाटकात बालमृत्यू वाढले असे लिहिले, तर त्याने एका काट्यावर तोललेल्या उसाची दुसऱ्या काट्यावरच्या उसाशी तुलना केली असे म्हणावे लागेल, कारण पाहणीचा दर मागच्या पाच वर्षांचा एकत्रित असतो आणि नमुनाही वेगळा. कल हवा असेल तर एकाच साधनाच्या लागोपाठच्या फेऱ्या घ्याव्यात.

आणि एकाच तालुक्याच्या एका वर्षाच्या आकड्यावर तर बातमी करूच नये. जिथे वर्षाला ४,००० जन्म होतात आणि खरा दर २० आहे, तिथे सरासरी ८० मृत्यू अपेक्षित असतात. पण निव्वळ योगायोगाने एखाद्या वर्षी ते ६२ होतील, तर एखाद्या वर्षी ९८. म्हणजे गावागावांत काहीही न बदलता दर साडेपंधरापासून साडेचोवीसपर्यंत हेलकावे खाऊ शकतो. ४० जन्मांच्या खेड्यात एका बाळाच्या मृत्यूने दर शून्यावरून २५ वर जातो.